माबेल्यातलं भूसंपादन

इथे आखातात, माबेल्यातल्या आमच्या कंपाउंडात आठ बिऱ्हाडं, सगळी भाड्याची, आणि पाणी टँकरचं. टाकी एकच, तीही लहान. शुक्रवारी सगळे घरी असले की दुपारीच नळ सूं सूं करायचे. दुसरा कोणी असता तर त्याने सरळ अर्बाबला, म्हणजे घरमालकाला, फोन लावला असता. पण आम्ही पडलो रत्नागिरी-रायगडचे. आम्ही पाणी मंडळ काढलं.

अध्यक्ष झाले शेजारचे चाचा, गाला भागातल्या एका गॅरेजचे फोरमन. चिटणीस मी, कारण तरुणपणी तहसील कचेरीत दोन वर्षं कागद नाचवले होते आणि ती खुमखुमी अजून जिरली नव्हती. सूचक, अनुमोदक, टाळ्या, चहा, सगळं रीतसर. कलम एक: मंडळ दर घरावर पाणीपट्टी बसवील. कलम दोन: सार्वजनिक हितासाठी मंडळ कंपाउंडातली कुठलीही जागा संपादन करील. काय वाक्य जमलं होतं! मी ते दोनदा वाचून दाखवलं. ज्या जमिनीचा वीतभर तुकडाही आमच्या कुणाच्या नावावर नाही, ती ताब्यात घ्यायचे अधिकार आम्ही एकमताने घेतले.

मोठी टाकी आणली. मग जागा शोधायला निघालो. चाचांनी टेप लावली आणि खाली बघत म्हणाले, "भाऊ, बसेल ती तुमच्या मागच्या दारीच."

तिथे बायकोचा कढीपत्ता होता. गावाहून आणलेलं रोप, सहा उन्हाळे तांदळाचं धुवण घालून जगवलेलं. आठही घरांच्या फोडण्या त्याच्यावर चालायच्या.

"अहो, चिटणीस ना तुम्ही? नाही म्हणा की," ती म्हणाली.

"स्वतःच्या दाराशी कायदा वाकवला तर लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू दे. झाड माझं आहे."

मी हरकतींसाठी तीन दिवसांची नोटीस लावली. तिने हरकत लिहून दिली. मी ती फेटाळली. किती तो माज! चौथ्या दिवशी मीच झाड मुळासकट काढलं.

पुढच्या शुक्रवारी अर्बाब आला. टाकी बघून त्याने कपाळाला हात लावला. "छत पे इतना जगह है. फोन क्यों नहीं किया?" संध्याकाळच्या आत त्याची माणसं टाकी गच्चीवर चढवून मोकळी. यल्ला, खलास. ना सूचक, ना अनुमोदक.

जाताना त्याने मागच्या दारी डोकावलं. "मॅडम का पेड किधर?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाचा चपला शोधायला लागले.

त्या दिवशी आमटी नुसत्या मोहरीवर आली. ताटाशेजारी माझा ठराव घडी घालून ठेवलेला.

"फोडणीत घालणार होते," ती म्हणाली, "पण म्हटलं, आधी मंडळाला विचारावं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता पाणी भरपूर आहे. ती अजून रोज सवयीने तांदळाचं धुवण बाजूला काढून ठेवते. मग तिच्या लक्षात येतं आणि ती ते सिंकमध्ये ओतते.