चोवीस नंबरचा गडी

आई गेली तेव्हा मी विमानात विनोदी सिनेमा बघत होतो आणि हसत होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी स्वतःला फार शहाणा समजणार आहे आणि तुम्हाला माझ्याबद्दल भलता आदर वाटायला नको. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनहून ऑकलंड, ऑकलंडहून सिंगापूर, तिथे विमान अडकलं म्हणून सहा तास खुर्चीत, मग मुंबई, मग कराड. एवढ्या वेळात माणूस काळजी तरी किती करणार? घरी पोचलो तेव्हा सगळं उरकून लोक आंघोळी करून ओट्यावर बसले होते. चुलतभावाने अग्नी दिला होता. मी हातात गळ्याची उशी घेऊन उभा होतो (ती विमानतळावर घेतलेली, गुबगुबीत, निळी). तेराव्यापर्यंत थांबलो आणि परत येऊन कामावर रुजू झालो. इथल्या तेरापा भागातल्या दूध कारखान्यात मी दुधाचे नमुने तपासतो. दूध कुणाच्या आईसाठी थांबत नाही.

दोन महिन्यांनी आप्पांना इकडे बोलावून घेतलं. आप्पा म्हणजे माझे वडील. कराडच्या शाळेत चौतीस वर्षं खेळाचे मास्तर, जिल्ह्यातले नावाजलेले कबड्डीचे पंच. त्यांचा आवाज असा, की शिट्टी हरवली तरी सामना अडत नसे. असा माणूस आमच्या घरी आला आणि पहिल्याच दिवशी त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. "नको, भूक नाही." दुसऱ्या दिवशी उपमा सारला. माझी पाळी दुपारची, त्यामुळे कामाच्या दिवसांत आमचं एकत्र खाणं सकाळचं तेवढंच. सुट्टीच्या दिवशी मात्र मी जातीने लक्ष ठेवलं. मी एका पोळीवर थांबलो की तेही एका पोळीवर थांबत. मी ताट सारलं की त्यांचं ताटही सरलंच. निष्कर्ष उघड होता. आईच्या मागे आप्पांनी अन्न सोडलं होतं आणि हळूहळू ते माझ्या डोळ्यांसमोर संपणार होते. एकीच्या वेळी मी पोचलो नाही. दुसऱ्याच्या वेळी समोर बसून नुसता बघत राहणार होतो.

केतकीला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे सांगायचा प्रयत्न केला. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, दुपारी साडेबाराला घरी येते, आणि धंद्यामुळे तिला कुणाच्याही दुखण्याचं फारसं कौतुक नाही. ती म्हणाली, "आप्पांचं राहू दे, तू एकदा वजनकाट्यावर उभा राहा." बायकांना प्रत्येक गोष्ट नवऱ्यावर आणून ठेवायची सवयच असते, असं म्हणून मी विषय सोडला.

मग घरात ते खोकं आलं. गव्हाच्या दाबलेल्या वड्यांचा इथे एक नाश्ता मिळतो. वडी कोरडी असते तेव्हा काथ्याच्या पायपुसण्याचा तुकडा वाटते, आणि दुधात पडली की तिची खळ होते. आमच्या इराने (वय चौदा, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत) ते आणलं होतं. खोक्याच्या तळाशी एक कार्ड निघालं. आमच्या भागातल्या रग्बी संघाच्या चोवीस दिग्गज खेळाडूंची मालिका होती, वर्षभर चालणारी. पुढे फोटो आणि मागे त्या खेळाडूचे सामने, उंची, वजन. आप्पांनी चष्मा लावला. कार्ड उलटंसुलटं केलं. आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या आवाजात मैदान ऐकू आलं.

"एकशे अठरा किलो. कबड्डीच्या कुठल्या गटात बसवायचा हा गडी?" मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तू किती असशील रे?"

मी म्हटलं, असेन सत्तरेक. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. कार्ड टेबलावर ठेवून म्हणाले, "बाकीचे तेवीस बघायला हवेत."

त्या दिवसापासून आप्पा खायला लागले. पंचच ते, त्यामुळे नियम आधी ठरले. जुनं खोकं संपल्याशिवाय नवं फोडायचं नाही, कारण तो अन्नाचा अपमान. आणि मी जितक्या वड्या खाईन तितक्याच ते खाणार, एक जास्त नाही, एक कमी नाही. मला ती खळ गिळवत नव्हती. पण बापाच्या जिवाचा प्रश्न होता. मी दोन खाल्ल्या, त्यांनी दोन खाल्ल्या. पुढच्या महिन्यात मी तीनवर गेलो. मग चारवर, वर केळं. (केळ्याची अट त्यांची.) शनिवारी आम्ही संघाचा सामना बघायला जायला लागलो. ही तर आपलीच कबड्डी, फक्त हे लोक दम घुमवत नाहीत आणि मधे उगाच एक चेंडू आणून ठेवलाय, असं त्यांनी मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांना मराठीतून समजावलं. आठवड्यातच ते 'आमचा संघ' म्हणू लागले. पाकिटांचा एक अल्बम आणून त्यात एकेक दिग्गज बसवला आणि तो उशाशी ठेवून झोपू लागले.

तेवीस कार्डं जमली. उरला होता फक्त चोवीस नंबर, एक प्रचंड दाढीवाला, ज्याच्या मांड्या आमच्या वॉशिंग मशीनएवढ्या होत्या. तो मिळाला की अल्बम पूर्ण. अल्बम पूर्ण झाला की आप्पा ताट सारणार, आणि या खेपेला त्यांना परत वळवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

आणि अगदी त्याच आठवड्यात कामावरचा वीरेमू, ज्याला मी कधीतरी हौसेने आप्पांची गोष्ट सांगितली होती, तो जेवणाच्या सुट्टीत समोर येऊन उभा राहिला. "किआ ओरा, ब्रो," असा माओरी नमस्कार करून त्याने माझ्या हातावर चोवीस नंबर ठेवला. त्याच्या काकूच्या खोक्यात निघाला होता. त्याचे डोळे आनंदाने चमकत होते. मी "स्वीट ॲज", म्हणजे झकास, म्हणालो आणि कार्ड घाईघाईने खिशात कोंबलं.

घरी आणून ठेवायचं कुठे? स्वयंपाकघर केतकीचं, कपाटं इराची, गाडीत आप्पा रोज रुमाल विसरत. कुणी हात लावणार नाही अशी एकच जागा माझ्या डोळ्यांसमोर आली. बैठकीच्या खोलीत आईचा फोटो होता, त्याच्या चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यात मी ते सरकवलं. त्या फोटोसमोर मी सहसा थांबत नसे. कामाची घाई असे. आपल्याला घाई असते तशी ती सगळ्यांनाच असेल, असं मी धरून चाललो.

पण केतकीला आप्पांची दया आली. तिने महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, की आमच्या सासऱ्यांना चोवीस नंबर हवाय, कुणाकडे असेल तर कळवा. न्यूझीलंडमधल्या मराठी माणसाला कुणाला मदत करायची संधी रोज मिळत नाही. सगळे तुटून पडले. वेलिंग्टनच्या माझ्या जुन्या रूममेटने पोस्टाने कार्ड पाठवलं. मी अंगावर शाल, पायात जँडल्स (इथल्या रबरी चपला) अशा अवतारात पत्रपेटीपर्यंत धावून ते पळवलं आणि पोचलंच नाही असं त्याला फोनवर सांगितलं. तो हळवा माणूस. त्याने कुठूनतरी दुसरं मिळवलं आणि सहीच्या कुरियरने पाठवलं. सही मीच केली आणि तेही दडवलं. मग एका सकाळी खुद्द आमच्याच खोक्यातून दाढीवाला निघाला. आप्पा दूध ओतत होते तेवढ्यात मी तो बाहीत सारला आणि खोक्यात काहीच नव्हतं, कंपनीकडून राहिलं असेल, असं सांगितलं. आप्पा म्हणाले, "असं होतं कधीकधी." इतक्या भोळ्या माणसाला फसवताना मला आतून फार वाईट वाटलं. इराने मैत्रिणीकडून एक आणलं, तेव्हा तिला बाजूला घेऊन विश्वासात घ्यावं लागलं. नव्या टॉग्जच्या, म्हणजे पोहण्याच्या पोशाखाच्या, बोलीवर ती गप्प बसली. आणि शेवटी ख्राइस्टचर्चच्या मावसभावाने, जो डॉक्टर असूनही वेळ काढतो, सहावं धाडलं. सहाही दाढीवाले आईच्या मागे उभे होते.

रोज पत्रपेटीकडे धावतो म्हणून केतकीला वेगळाच संशय आला आणि तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मी तेही सोसलं. आप्पा खात होते.

सहावं कार्ड आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईचं वर्षश्राद्ध होतं.

श्राद्ध सांगायला कराडचे गुरुजी लॅपटॉपवर होते. इथे दुपारचे बारा, तिकडे पहाटेचे साडेपाच, त्यामुळे त्यांनी मफलर गुंडाळला होता. मी उघड्या अंगाने, धोतर नेसून, बोटात दर्भाचं पवित्रक घालून पाटावर. बाहेर हॅमिल्टनचा हिवाळा. हीट पंप पूर्ण जोरात लावला तर दर्भ उडत होते, म्हणून तोही बंद केला होता. पुढ्यात पानावर भाताचे पिंड. बाजूला आप्पा खुर्चीत, मागे केतकी आणि इरा. सव्य-अपसव्य करताना माझी दोनदा चूक झाली, गुरुजींनी दोनदा सुधारली. मग ते म्हणाले, "आईंचा फोटो जरा पुढे घ्या. मला इथून दिसत नाही."

मी "नको, राहू दे" म्हणायच्या आत केतकीने चौकट उचलली.

पहिला दाढीवाला दर्भावर पडला. दुसरा तिळाच्या वाटीत. मग तिसरा, चौथा, पाचवा. सहावा घसरत जाऊन लॅपटॉपला टेकून उभा राहिला, तोंड कॅमेऱ्याकडे करून. आखूड चड्डीत, काखेत चेंडू.

गुरुजींनी चष्मा पुसला. "यजमान, हे गृहस्थ कोण? यांचं नाव-गोत्र दिलं नव्हतंत."

इराने खाली बघून मोजले. "बाबा, दॅट्स सिक्स. यू सेड देअर वॉज वन," ती म्हणाली.

"सहा?" आप्पा म्हणाले. "पाच होती की."

मी मान वर केली. आप्पा शांत होते. "रोज फूल मीच बदलतो तिच्या फोटोला," ते म्हणाले. "एक बाहेर आलं होतं, ते परत आत सरकवून ठेवलं मी. सहावं कधी आलं?"

"काल. ख्राइस्टचर्चहून." मग मला काही लपवता येईना. "चोवीस पूर्ण झाली की तुम्ही खाणं सोडाल असं वाटलं, आप्पा."

केतकी हातात फोटो धरून उभी होती. "आप्पा रोज दुपारी माझ्याबरोबर दोन भाकरी खातात," ती म्हणाली. "वर ताकभात. तू मला विचारायचंस तरी."

आप्पांनी खुर्ची माझ्या पाटाजवळ ओढली. "सुहास, वजनी गटाची पोरं नजरेने जोखण्यात माझा जन्म गेला. विमानतळावर तू माझी बॅग उचलायला वाकलास तेव्हा बासष्ट भरलास. लग्नात एक्याऐंशी होतास. मला वाटलं, बायको गेली, आता पोरगाही चालला. तू ताट सारायचास, म्हणून मी सारायचो. बापाला उपाशी ठेवून तू राहणार नाहीस एवढी खात्री होती. मग ही कार्डं सापडली."

"मग फोटोमागची दिसली तेव्हा बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? संच पूर्ण झाला असता तर तू खाणं सोडलं असतंस."

मी रडलो. वर्षभरात पहिल्यांदा, तेही उघड्या अंगाने, तीळ आणि रग्बीपटू यांच्या मधोमध बसून. आई गेली हे मला त्या पाटावर नीट कळलं. आप्पा माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि तो हात बरगड्या मोजतोय हेही मला कळलं. बऱ्याच वेळाने लॅपटॉपमधून गुरुजी म्हणाले, "यजमान, अश्रू पिंडावर पडू देऊ नका. डोळे पुसा आणि पुढचं पाणी सोडा." मी सोडलं.

नंतर पानावर बसलो. खीर, वडे, आमसुलाची चटणी. मी तीनदा वाढून घेतलं. रडत जेवणारा माणूस फार वाईट दिसतो, असं इराने मला इंग्रजीतून सांगितलं. आप्पांनी वडा मोडता मोडता केतकीला सांगितलं, की उद्यापासून ते खोकं घरात आणू नकोस, ती खळ गिळून गिळून त्यांचा जीव विटला होता.

आता माझं वजन चौऱ्याहत्तर आहे. ते मला आप्पाच सांगतात, काट्याशिवाय. वर्षभर मी छाती पुढे काढून फिरत होतो, की बापाला जगवतोय. प्रत्यक्षात एक म्हातारा मास्तर तेवीस रग्बीपटू हाताशी धरून सेहेचाळीस वर्षांच्या घोड्याला रोज सकाळी भरवत होता, आणि घोड्याला वाटत होतं, गाडी आपणच ओढतोय.