खंडेनवमीला बंद केलेली प्रेस

आमच्या धंद्यातला माणूस कारखान्यात शिरायच्या आधी खिसे चाचपतो. लॅपटॉप विसरला तर दुसऱ्याचा मागता येतो, पण यूएसबीचा तो बोटाएवढा अडॅप्टर विसरला तर आल्या पावली जालन्याला परत. मशिनी जुन्या आणि लॅपटॉप नवे, म्हणून ही कटकट. मशिनीनं कशानंतर काय करायचं ते सांगणारी एक डबी पॅनेलमध्ये असते, तिला पीएलसी म्हणतात. या जुन्या डब्यांना जी केबल बसते, ती लावायला आताच्या लॅपटॉपला जागाच नाही. मधे अडॅप्टर लावला तरच दोघांचं बोलणं होतं. तेही झालं तर! बाजारात निम्मा माल डुप्लिकेट, बसा मग बोंबलत.

माझे मामा जाफराबादच्या पुढं एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर होते. लहानपणी त्यांनी मेंढरं वळली, मग जिनिंगमध्ये हमाल म्हणून लागले आणि प्रेसवर म्हातारे झाले. घरी आले तरी प्रेसचंच बोलणं. आज ती जरा कुरकुरून राह्यली, आज तिचं तेल बदललं. मामी वैतागायच्या, "मंग जेवायला बी तिच्याकडंच जा की!" मामा नुसते हसायचे.

त्या साली पॅनेलमधल्या डबीवर लाल दिवा लागला. आतली छोटी बॅटरी संपली होती. वीज आहे तोवर डबीला सगळं आठवतं. वीज गेली आणि बॅटरीही नसली की ती कोरी. त्या जिनिंगमध्ये पॅनेलला इन्व्हर्टर होता, त्याच्या जिवावर काम चाललं होतं. नवीन बॅटरी मागवली होती, ती काही आली नव्हती. प्रोग्राम ज्यानं लिहिला तो इंजिनिअर वारलेला, त्याची नक्कल कुणाजवळ नाही. आणि मालक तर सरळच बोलला होता, "ही बसली तर मी खर्चा करत बसणार न्हाई. भंगारात घालतो आन् ऑटोमॅटिक आणतो. तिच्यासंगं तिचाच माणूस येतो." ऐकायला मामा तिथंच उभे होते.

म्हणून मी नवा अडॅप्टर घेऊन खंडेनवमीला गेल्तो. सीझन अजून सुरू व्हायचा होता, प्रेस मोकळी होती. प्रोग्राम लॅपटॉपमध्ये उतरवून घेतला की मग डबी कोरी झाली तरी बिलकुल फिकीर नाही, पुन्हा भरता येतो. मामांना मी हे सगळं समजावून सांगितलं. उतरवून होईस्तोवर काही बंद करायचं नाही, हेही सांगितलं. ते "बराबर" म्हणाले.

त्या जिनिंगची रीत अशी की चालत्या मशिनीला कुंकू लावायचं नाही. वर्षातून या एका दिवशी सगळं बंद करून, पुसून, झेंडूचे हार घालून पूजा करायची. पहिलं कुंकू सगळ्यात जुन्या माणसाचं, म्हणजे मामांचं. ते धुवट पांढऱ्या कपड्यांत, टोपी घालून, ताट धरून उभे. मालकाचे वडील खुर्चीत बसून घाई करत होते. आणि माझा अडॅप्टर लागेना! लॅपटॉप त्याला ओळखच देईना. ड्रायव्हर काढला, दुसरा टाकला, केबल उलटसुलट करून पाहिली. घामानं नुसता निथळत होतो. शेवटी एकदाचा लागला. पडद्यावर निळी पट्टी सरकायला लागली आणि मी देवाला हात जोडले.

पट्टी अर्ध्यावर आली आणि थांबली. मला वाटलं, केबल निसटली. पॅनेलमध्ये वाकून पाहिलं तर आत एकही दिवा नाही. मागच्या खोलीतून मामा फडक्याला हात पुसत आले. तोंड प्रसन्न. "मेन बंद केलं, इन्व्हर्टर बी केला," म्हणाले. "तुझा लॅपटॉप त्याच्या चार्जिंगवर हाये ना, तुझं काम थांबायचं न्हाई. चल, पूजा करून घेऊ."

त्यांना वाटलं होतं, उतरवून घेतोय तो लॅपटॉप, मग लॅपटॉप चालू राहिला की झालं. आयुष्यभर मशिनीपाशी राहिलेल्या माणसाला असं वाटावं! पण का वाटू नये? मला आजही त्यात त्यांची चूक दिसत नाही आणि तरी जीव जळतो. त्यांनी कुंकू लावलं, नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. मी माझा तुकडा मुठीत धरून उभा होतो.

वीज परत दिली तेव्हा प्रेस हललीच नाही. मालक माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "अडॅप्टर डुप्लिकेट निघाला, साहेब. त्याच्यामुळं गेलं." मामांनी मला बाजूला केलं. "आपल्या अंगावर घेऊन राह्यला तो. बंद म्या केलं, मालक." एवढं बोलून त्यांनी टोपी काढली आणि हातात धरली. मी मालकाच्या हातापाया पडलो, प्रोग्राम नव्यानं लिहून देतो म्हणालो, थोडी मुदत द्या म्हणालो. तो म्हणाला, "कापूस थांबतो का तुझ्यासाठी?"

दिवाळीआधी प्रेस गॅस कटरनं कापून ट्रकमध्ये भरली. नव्या मशिनीबरोबर तिचा माणूस आला. मालक तसा वाईट नव्हता, मामांना त्यानं गेटवर ठेवलं.

पुढं एकदा नव्या मशिनीच्या कामाला मलाच बोलावलं. काम सोडून चालत नाही, गेलो. गेटवर गाडीचा हॉर्न वाजवला तसे खाकी शर्टातले मामा स्टुलावरून लगबगीनं उठले आणि आत कोण आहे ते न बघताच सलाम ठोकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काच खाली करून म्हणालो, "मामा, अहो मी आहे. बसा ना."

त्यांनी मला ओळखलं, हसले. पण बसले नाहीत. "जा आत, जा जल्दी," म्हणाले. "गाडी आत जाईस्तोवर बसायचं नसतं."