आयडी बंद

चंद्रभान तायडेची उमेदीची सगळी वर्षं बडनेरा स्टेशनच्या टॅक्सी स्टँडवर गेली. नंबर लागेस्तोवर लिंबाखाली बसायचं, रेल्वे आली की प्रवाशांच्या बॅगांवर तुटून पडायचं, भाड्यावरून हुज्जत घालायची. मोबाइलवरून बोलवायची टॅक्सी गावात आली, तेव्हा स्टँडवरून सगळ्यात आधी तोच फुटला. स्टँडचा म्होरक्या पुंजाराम तोंडावर म्हणाला, "जाय, पण वापस येऊ नोको."

गेला आणि सुखी झाला. घासाघीस नाही, भाडं आधीच ठरलेलं. कॉलेजात शिकवणाऱ्या माधवी मॅडमसारख्या एकट्या बायका निर्धास्त मागे बसत, कारण गाडी कुठवर आली ते घरच्यांना मोबाइलवर दिसे. बायको, मनकर्णा, म्हणायची, "तुमचा आवाज तरी खाली आला बाप्पा."

मग एकदा कौंडण्यपूरचं भाडं लागलं. चौघांच्या गाडीत सात जण कोंबून बसायला निघाले. चंद्रभान नाही म्हणाला. त्यांनी उभ्याउभ्याच तक्रार ठोकली, ड्रायव्हर दारू प्यालेला आहे. ज्याने जन्मात विडीलाही हात लावला नव्हता, त्याची आयडी टॅक्सीच्या कंपनीने दिवस मावळायच्या आत बंद केली; मोबाइलवर भाडं लागणंच थांबलं.

त्याने कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' पुन्हा लिहिलं. एक अक्षर न बदलता तेच उत्तर. दवाखान्यात रक्त तपासून रिपोर्ट पाठवला. तेच. शेवटी अकोल्याला जिथे नाव नोंदवलं होतं, त्या ऑफिसात गेला. तिथे चपलांचं दुकान थाटलेलं.

"ते लोकं तं कवाचेच गेले भाऊ," दुकानदार म्हणाला.

चंद्रभान पायरीवर बसून राहिला. स्टँडवर भांडण झालं तर पुंजारामची कॉलर धरता यायची, नाहीतर पाय तरी. इथे धरायला माणूसच नव्हता.

मान खाली घालून तो पुंजारामपुढे उभा राहिला. "मले नंबर दे. काईबी कर."

पुंजाराम शिव्या हासडेल असं त्याला वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "घे नं. नंबराची कमी नाई, सवारीची हाय. कालपासून माही गाडी हालली नाई."

दुपारची रेल्वे आली. माणसं मोबाइलकडे बघतच बाहेर पडत होती. त्यात माधवी मॅडम दिसल्या. चंद्रभान धावला.

"चला मॅडम, मी सोडतो!"

"अरे, भाऊ! तुमची गाडी हल्ली लागतच नाही."

"आयडी बंद केली त्यायनं. पण गाडी हाय नं, हे काय."

त्या ओशाळल्या. "राग नका मानू. आई घरी मोबाइल घेऊन बसलेली असते. त्यात गाडी दिसली नाही की तिचा जीव खालीवर होतो."

"मॅडम, मी तुमच्या समोर उभा हाओ!"

तेवढ्यात त्यांनी बोलावलेली गाडी आली. त्या बसून गेल्या.

चंद्रभानने आपल्या गाडीत बसून कंपनीचा नंबर लावला. रेकॉर्ड केलेला बाईचा गोड आवाज सुरू झाला.

"बाई, एकडाव आयका. मी पेत नाई. कोनालेबी इचारा. इथं स्टँडवर इचारा..."

बाईचं वाक्य संपलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तो तिच्यावरून ओरडू लागला. स्टँडवरची माणसं गोळा झाली. पुंजारामने खिडकीतून हात घालून मोबाइल काढून घेतला आणि बंद केला.

"उतर. चाय घेऊ."

चंद्रभान उतरला नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो म्हणत राहिला, "कोनाले सांगू? सांग नं, कोनाले सांगू?"