लामाराची बाटली

मी शोता. संशयी माणूस, कबूल. आमच्या तिबिलिसीतल्या वाड्याच्या चौकात सगळ्यांना मिळून एकच नळ. त्यावर ‘नळ बंद करा, चोरांनो!’ असल्या पाट्या मीच लिहितो.

शेजारीण लामारा प्रयोगशाळेत कामाला. इस्पितळामागच्या गटारात दोरीनं बाटली सोडून पाणी भरताना तिला मी या डोळ्यांनी पाहिलंय. भल्या घरच्या बाईला गटाराचं पाणी कशाला हो लागतं?

त्या हिवाळ्यात माझी टाच चिघळली. सुया झाल्या, गोळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, “दहा दिवस बघू, नाहीतर पाय कापू.” मी रडलो. खोटं कशाला बोलू?

लामारा आली, कापसावर जखमेतला पू घेतला. “जंतूंना खाणारे त्यांच्याहून बारीक जीव असतात, शोता. जंतू तिथं ते. तीन-चार जातींचं मिश्रण करते. एक नाही तर दुसरा लागू पडेल.”

“म्हणजे गटार माझ्या पायात ओतणार?”

“गाळून रे, मेल्या!”

माझ्यावर प्रयोग करते काय! तिच्या साहेबाला निनावी पत्र टाकलं: ही बाई माल चोरते, शेजाऱ्यांना गटार पाजते.

शनिवारी ती औषधाच्या कुप्या घेऊन हजर. मी म्हटलं, “आधी तू पी.”

तिनं एक कुपी फोडून पेल्यात ओतली, पेला उंचावला. “शोताच्या दोन्ही पायांना दीर्घायुष्य!” आणि घटाघट प्याली. ती तोंड वाकडं करते का, हे मी टक लावून बघत होतो. मगच टाच पुढे केली.

ती रोज येऊन कुप्या ओतायची. मुदतीच्या दहाव्या दिवशी डॉक्टरांनी जखम हुंगली, म्हणाले, “राहू दे पाय.”

वसंतात कळलं, लामाराला प्रयोगाच्या टेबलावरून उठवून बाटल्या धुवायला बसवलंय. चीजची रोटी घेऊन तिच्याकडे चालत गेलो. म्हटलं, “कुणा हलकटानं चहाडी केली गं?”

तिनं कपाटातून माझं पत्र काढलं. “साहेबांनी दाखवलं. मी मागून घेतलं.”

मी विचारलं, “कधी?”

“कुप्या तयार झाल्या त्या शुक्रवारी. नळावरचं अक्षर रोज वाचते रे मी.”

शुक्रवारी. म्हणजे तो पेला उंचावायच्या आदल्या दिवशी.

“उभा का? बस,” ती म्हणाली. “पाय दुखेल.”