माल तपासला नाही

"गाडी कुठं पोचली गा?" भाऊंचं बोलणं इथूनच सुरू व्हायचं. समोर ड्रायव्हर असो, पाहुणा असो की चहावाला, प्रश्न हाच. तुमच्याही कामावर असा एखादा असेल. नसेल तर नशीबवान आहात.

वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात ते सुपरवायझर आणि मी बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडणारा कारकून. भाऊ शेठच्या शिव्या दिवसभर मुकाट ऐकायचे आणि संध्याकाळी घरी राग नऊ वर्षांच्या लेकीवर काढायचे. बायको वारून तीन वर्षं झालेली. घरात दोघंच.

शाळेच्या ऑटोवाल्याला रोज फोन: "निघाली का? उतरली का?" उतरली म्हटलं की भाऊ मोकळे. "पोर टायमावर पोचून राहिली, अजून काय पाह्यजे?" असं मलाच विचारायचे. मी मान डोलवायचो. माझी रजा त्यांच्याच सहीनं मिळायची.

खाप्याला राहणारी त्यांची बहीण मात्र मागं लागली होती. "पोरगी मले दे. तुले तिच्याकडं पाहाले वेळ कुठं आहे?" भाऊ उखडायचे. पोरगी द्यायची नव्हती, आणि वेळही नव्हता.

एका सकाळी ऑटो बाहेर थांबवून लेक गोदामात आली. प्रगतिपुस्तकावर सही राहिली होती. फोनवर शेठ ओरडत होता. भाऊंनी पालकाच्या सहीच्या जागी सवयीनं लिहून टाकलं, 'नग एक मिळाला. माल तपासला नाही.' खाली सही. घाईत माल उतरवून घेताना आम्ही बिल्टीवर असंच लिहितो, पुढं फुटतूट निघाली तर आपल्या अंगावर येऊ नये म्हणून.

मी पोट धरून हसलो. पोरीनं वाचलं, ती हसली नाही.

"काहून नाही तपासला, बाबा?" ती म्हणाली. "तपासा ना."

भाऊंनी पान उलटलं. बाईंचा शेरा होता, 'वर्गात कोणाशीच बोलत नाही.' तो त्यांनी दोनदा वाचला. माझं हसू मलाच लागलं.

पुढं शेठनं त्यांना कामावरून काढलं. पोर खाप्याला गेली नाही, एवढं मला ठाऊक आहे. पण आठवते ती तीच सकाळ. फोन तसाच माझ्या टेबलावर ठेवून, तिचं दप्तर खांद्याला लावून ते तिच्यासोबत बाहेर गेले. ट्रकच्या आवाजात तिचं बोलणं ऐकू येईना, म्हणून फाटकाशी खाली वाकून उभे राहिले.

फोनमधून शेठ विचारत होता, "कुठं मेला तो?"

"पोरीचं ऐकून राहिले, शेठ," मी म्हणालो.