मुळेकाकांनी सांगितलेला चान्स

मुळेकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी वह्या तपासत होते. त्यांची मुलगी अनघा एवढंच म्हणाली, "बाबा गेले. सकाळी." मी "अरे रे" म्हटलं, फोन ठेवला आणि हातातली वही तपासून पुरी केली. मग पुढचीही. त्याला आता सहा आठवडे झाले. मी राहते त्या लंडनमधल्या हाउन्सलोहून काकांचं कॉव्हेंट्री काही फार लांब नाही, पण अंत्यसंस्काराला मी गेले नाही. शाळेत इन्स्पेक्शन आहे असं कळवलं. नव्हतं.

या पुरवणीच्या बऱ्याच वाचकांना काका ठाऊक आहेत. मिडलंड्समधल्या मराठी घरांत मूल पंधरा-सोळा वर्षांचं झालं की त्याला एका रविवारी डॉक्टर मुळ्यांकडे नेत. पत्रिका दाखवायला न्यावं तसं. कुठली युनिव्हर्सिटी, कुठला विषय, चान्स किती... काका रिपोर्ट कार्ड वाचत, दोन-चार प्रश्न विचारत आणि आकडा सांगत. तो सहसा बरोबर निघे. आमच्या मुलींच्या शाळेचे ते गव्हर्नर, म्हणजे कारभारी मंडळाचे सभासद होते, इथली व्यवस्था आतून बघितलेले आमच्यातले बहुधा एकटेच. स्वतः मात्र हॉस्पिटलात अकरा वर्षं एकाच हुद्द्यावर. कन्सल्टंटच्या, म्हणजे वरच्या डॉक्टरच्या, जागेसाठी किती इंटरव्ह्यू दिले ते घरात कोणी विचारत नसे. माझे बाबा मोटारींच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. त्यांच्या लेखी डॉक्टर मुळे म्हणजे शेवटचा शब्द.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अनघा आणि मी एकाच शाळेत, एकाच वर्गात. दोघींचा विषय गणित. त्या जुन्या, नावाजलेल्या विद्यापीठात शिरायला तेव्हा दोन वाटा होत्या. ए लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, आधीच, शेवटच्या वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांची परीक्षा द्यायची. जागा मिळाली की ए लेव्हलला नुसतं पास झालं तरी चाले. नाहीतर ए लेव्हल उरकून एक टर्म शाळेत जास्त थांबायचं आणि मग बसायचं. आमच्या गणिताच्या बाईंनी मला वर्गाबाहेर बोलावून सांगितलं होतं, "या नोव्हेंबरात बस. तू तयार आहेस." मी उड्या मारत घरी आले. बाबा म्हणाले, "डॉक्टरांना विचारू."

काकांनी मला तासभर प्रश्न विचारले. एकही अडला नाही. मला वाटलं, आता म्हणतील, भर फॉर्म. ते बाबांकडे वळले.

"अहो आपटे, मुलगी हुशार आहे, प्रश्न नाही. पण आत्ता बसली तर चान्स चाळीस टक्के. एक वर्ष थांबू द्या, ए लेव्हलचे ग्रेड हातात घेऊन जाऊ दे, सत्तर-ऐंशीवर जाईल."

"पण काका, बाई म्हणतात..."

"बाईंना आपल्या मुलींचं काय माहीत गं? पेपर तू सोडवशील. इंटरव्ह्यूला समोर तीन जण बसतात. तिथं काय होतं ते मला विचार."

घरी येताना बसमध्ये बाबा दोनदा म्हणाले, "किती आपुलकीनं सांगतात." मी फॉर्म भरला नाही. बाई नाराज झाल्या, दोन-तीन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या. अनघानं भरला. तिला इंटरव्ह्यूला बोलावलं आणि ख्रिसमसच्या आधी नकाराचं पत्र आलं. तिच्या घरी जाऊन मीच तिची समजूत काढली. पुढं माझे ग्रेड उत्तम आले, पण तोवर विद्यापीठानं नियम बदलला होता. मागून बसायची वाट बंद. मी दुसरीकडे गणित केलं, शिक्षिका झाले. वाईट चाललंय असं नाही. नियमाला कोण काय करणार, असं बारा-तेरा वर्षं म्हणत राहिले.

मग मागच्या वर्षअखेरीस काकांनी बोलावून घेतलं. आजार बळावला होता. दुपारची वेळ, काकू खाली स्वयंपाकघरात. उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "स्मिता, तो नियम बदलणार हे मला ठाऊक होतं. गव्हर्नरांच्या मीटिंगला पत्र आलं होतं."

मला आधी कळलंच नाही, कुठला नियम.

"एका शाळेतून, एका विषयाला, दोन इंडियन मुली ते घेणार नाहीत, असं वाटलं मला. एक घेतील, दाखवायला. आणि तू बसलीस तर ती एक तू असशील."

"चाळीस टक्के म्हणाला होतात."

"नव्वद होता," काका म्हणाले.

ते रडले असते तर कदाचित मी काही बोलले असते. ते तसेच बघत राहिले, माझ्याकडून काहीतरी यायचं बाकी असल्यासारखे. मी विचारलं, "हे मला आता का सांगताय?" ते म्हणाले, "मन मोकळं करायचं होतं." म्हणजे तेही स्वतःसाठीच... मी खाली आले. काकूंनी ओतलेला चहा तसाच ठेवून निघाले. पुन्हा गेले नाही.

दोन आठवड्यांपूर्वी अनघाचा पुन्हा फोन आला. तिचं मराठी इथं वाढलेल्या मुलांचं. "बाबांचा ट्रिब्यूट तू लिही ना. तू त्यांची फेव्हरिट होती." मग मी तिला सगळं सांगितलं.

"मला माहीत होता," ती म्हणाली. "तेव्हाच. आई-बाबांचा भांडण झाला, मी जिन्यावरून ऐकला."

"आणि तू बोलली नाहीस?"

"आय वॉज सेव्हन्टीन. मला पण जायचं होतं, स्मिता."

मी तिला रडू दिलं. या वेळी समजूत काढली नाही. शेवटी म्हणाली, "लिही. नुसता गुड गुड नको. सगळा लिही." म्हणून हे लिहिलं. त्यांनी चांगलं सांगितलेली मुलं पुष्कळ आहेत. त्यांनी त्यांचं लिहावं. त्या माणसाला अकरा वर्षं जिथं अडवून ठेवलं तिथलाच हिशेब तो मला लावून गेला, हेही मला कळतं. कळून राग कमी होत नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या सिक्स्थ फॉर्ममधली, शाळेच्या शेवटच्या वर्गातली जसप्रीत त्याच विद्यापीठाचा फॉर्म घेऊन आली. "मिस, खरं सांगा, माझा चान्स किती?" मी तिचे मार्क पाहिले, चष्मा काढला, काचा खाली करून टेबलावर ठेवला आणि बोटांनी डोळे दाबले... आणि थबकले. आकडा सांगायच्या आधी मुळेकाका नेमकं हेच करायचे. हे माझ्यात कधी आलं, मला माहीत नाही. ओठांवर वाक्यही आलं होतं, एक वर्ष थांब.

"ते मी नाही सांगत," मी म्हटलं. "भर."

ती समोर बसून भरू लागली. चष्मा तसाच पडला होता. ती काय लिहिते आहे ते मला दिसत नव्हतं.