मिलिंदला आणायला गेले आणि समुद्रात वाव मोजून आले

माझा धाकटा भाऊ मिलिंद ऐंशीच्या दशकात मत्स्यव्यवसाय खात्यात लागला आणि त्याला डहाणूकडच्या एका बंदरावर नेमलं. चौथ्या महिन्यात त्याचं पत्र आलं, राजीनामा लिहून ठेवलाय. आई म्हणाली, इथं घराजवळ अंबडला कारखान्यात चिकटेल कुठंतरी, घेऊन ये त्याला. शाळेला दिवाळीची सुट्टी होती. मी निघाले.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असा एसटीचा रस्ता. तुम्हीही जाणार असाल तर पहिली गाडी धरा आणि पुढं बसा, मागं बसलं की घाटात फार हिसके बसतात. जव्हारला गरम भजी खाल्ली, डहाणूची गाडी बदलली. दुपारी समुद्र दिसला आणि मी, तीस वर्षांची शाळामास्तरीण, चपला हातात घेऊन पळत सुटले. मला घ्यायला आलेला मिलिंद मागून सांगत होता, ओहोटी आहे, रुतशील. गुडघाभर रुतले आणि हसू आवरेना.

जेवताना, तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील खात, त्यानं सगळं सांगितलं. कायदा नवा होता. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी लहान होड्यांसाठी राखलेलं, तिथं ट्रॉलरनं, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या बोटीनं, जाळं ओढायचं नाही. पण ट्रॉलरवाले म्हणत, आम्ही खोल पाण्यातच होतो. होडीवाले म्हणत, मग आमची जाळी फाडली कुणी? आणि निवाडा करणारा साहेब म्हणजे हा, याला होडीत पाय ठेवताच ओकारी.

सकाळी एका लहान होडीचे दामू तांडेल दारात आले. त्यांचं जाळं दोनदा फाटलं होतं. ट्रॉलर आत आलाय म्हणाले. मिलिंद हलेना. मग मीच होडीत जाऊन बसले, तेव्हा त्याला यावंच लागलं.

काय लाटा होत्या! मी पाळण्यात बसल्यासारखी खिदळत होते, मिलिंद होडीच्या काठावरून वाकलेला. ट्रॉलरचा मालक वरून शांतपणे म्हणाला, इथं पाणी भरपूर आहे. दामूंनी शिशाचं वजन बांधलेली दोरी मिलिंदपुढं धरली.

"तुम्ही सोडा, साहेब. मी मोजलं तर म्हणतील, याचा हात खोटा हाय."

मिलिंदनं तोंड पुसलं, दोरी तळापर्यंत सोडली, मग ओढून घेत दोन्ही हात पसरून मोजू लागला. एक हातपसारा म्हणजे एक वाव. "एक वाव. दोन वाव." तिसऱ्याला ओकला. पुन्हा उभा राहून म्हणाला, "तीन वाव." चौथा भरलाच नाही, म्हणजे पाणी उथळ, होड्यांसाठी राखलेलंच होतं. ट्रॉलरवरचे खलाशीसुद्धा हसले. मालकानं मात्र पंचनाम्यावर मुकाट्यानं सही केली, जाळं वर घेतलं आणि ट्रॉलर खोल पाण्याकडं वळवला. दामूंनी मिलिंदच्या पाठीवरून हात फिरवला.

राजीनाम्याचा कागद त्यानं चुलीत घातला. मी एकटीच परतले, कपड्यांना सुक्या मासळीचा वास, बसमध्ये शेजारची जागा रिकामी.

आई दारातच माझ्यामागं बघत राहिली. "आणि तो?"

"अजून ओकतो," मी म्हटलं. "पण मोजणं सोडत नाही."

 आईनं त्याला पाठवायला आलेपाक करायला घेतला.